बिल परत वाढलं? आधी मीटरजवळ जाऊन उभे राहा

दर थंडीत तेच. डिसेंबरचं बिल येतं, घरात सगळे एकमेकांकडे बघतात, मग आठ दिवस जो तो दुसऱ्याच्या मागे लाइट बंद करत फिरतो, जानेवारीचं बिल पण तेवढंच येतं, मग कंटाळून सोडून देतात आणि एप्रिल-मेमध्ये परत पहिल्यापासून सुरू. मी नाशिकमध्ये सातपूरला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, त्यामुळे बिल्डिंगमधले, नात्यातले, ओळखीचे कोणी ना कोणी "जरा बघ ना रे, आमचंच एवढं का येतं" म्हणून बोलावतात आणि मला पण ते शोधायला आवडतं. लाइट बंद करायची सवय चांगलीच आहे, पण घरात सगळीकडे एलईडी लागलेत, एक बल्ब ९ वॉटचा, तो तासभर चुकून चालू राहिला म्हणून बिल दुप्पट होत नाही. बिल वाढवणारी वस्तू बहुतेक घरात एखादीच असते, फार तर दोन, आणि ती कोणती हे मीटर सांगतो. ते शोधायला पैसे लागत नाहीत, अर्धा-पाऊण तास आणि दोन मोबाइल लागतात.

मी बघतो त्याच क्रमाने सांगतो.

सुरुवात बिलापासून. बिलात रुपये बघू नका, युनिट बघा. रुपये वाढायला बरीच कारणं असतात, दर बदलतात, इंधन समायोजन आकार कधी लागतो कधी नाही, मागची बाकी राहिली असेल तर ती येते, आणि वर १६ टक्के वीज शुल्क आहे ते त्या आकारांवरच लागतं म्हणजे आकार वाढले की तेही वाढतं. उन्हाळ्याच्या सुमाराला सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं त्याने पण लोक घाबरतात, ते त्या महिन्याच्या वापराचं बिल नसतं. तर युनिट घ्या आणि ते जितक्या दिवसांचं बिल आहे तितक्या दिवसांनी भागा. रोजची ७ युनिट जाणाऱ्या घरात २८ दिवसांचं बिल १९६ युनिटचं होतं आणि ३५ दिवसांचं २४५ चं, वापर तोच, फक्त रीडिंग उशिरा घेतलं. हे भागाकार करून बघितल्यावर बऱ्याच जणांची तक्रार तिथेच संपते.

मग रीडिंग खरंच घेतलंय का ते बघा. चालू रीडिंग आणि मागील रीडिंग दोन्ही छापलेली असतात. घराला कुलूप होतं किंवा मीटर दिसला नाही असं काही झालं तर सरासरीने बिल येतं, एक-दोन महिने बिल कमी दिसतं, आणि मग रीडिंग मिळालं की राहिलेली सगळी युनिट एकदम अंगावर येतात. असं झालं असेल तर त्या युनिटला स्लॅबचा, म्हणजे दराच्या टप्प्यांचा, फायदा तेवढ्या सगळ्या महिन्यांत विभागून मिळाला का तेवढं तपासा. आणि रीडिंग घ्यायला कोणी आलंच नाही असं वारंवार होत असेल तर महावितरणच्या अॅपवरून मीटरचा फोटो काढून स्वतः रीडिंग पाठवता येतं, ती सवय लावून घ्या.

स्लॅबबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे तो सांगून टाकतो. घरगुती वापराचे टप्पे १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. लोकांना वाटतं १०१ वं युनिट पडलं की सगळीच्या सगळी युनिट महाग होतात, तसं नाहीये, पहिली १०० स्वस्त दरानेच धरतात आणि वरची तेवढी महाग. पण दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट आहे, म्हणून तुम्ही जे वाचवता ते कायम वरच्या महागड्या टप्प्यातून वाचतं. १६० युनिट वापरणाऱ्या घराने ५० वाचवली तर ती सगळी महागातली ५० वाचली. म्हणून छोटी बचत पण बिलात चांगली दिसते.

आता बिलावरचा मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख बघा, मला सगळ्यात जास्त माहिती तिथून मिळते. नाशिकमध्ये बहुतेक घरांचा आलेख दोनदा वर जातो, एकदा डिसेंबर-जानेवारीत आणि एकदा एप्रिल-मेमध्ये, कारण आपल्याकडे दोन्ही टोकं आहेत, तिकडे निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आला की द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात आणि इकडे मेमध्ये चाळिशी गाठतो. तुमचा आलेख असा दोनदा वर जाऊन परत खाली येत असेल तर दोष सीझनच्या वस्तूचा, म्हणजे गिझर नाहीतर कूलर-एसी. आलेख वर्षभर सपाट आहे पण उंच आहे, तर काहीतरी चोवीस तास चालू आहे. आणि आलेख एका महिन्यात पायरीसारखा वर चढला आणि नंतर खाली आलाच नाही, तर त्या महिन्यात घरात काय बदललं ते आठवा, नवी बॅटरी बसवली, रंगकाम झालं, प्लंबर येऊन गेला, वरच्या मजल्याचं बांधकाम झालं, असलं काहीतरी हमखास असतं.

एवढं झालं की मीटरजवळ जा.

फ्लॅट असेल तर मीटर खाली पार्किंगमध्ये असतात, त्यामुळे एकाने खाली थांबायचं आणि एकाने वर घरात, दोघांनी फोन चालू ठेवायचा. मीटर नंबर बिलावरच्या नंबरशी जुळवून घ्या, दहा मीटर ओळीने असले की शेजारच्याचाच मीटर बघत बसणं सहज होतं. मीटरच्या तोंडावर एक बारीक लाल लाइट लुकलुकत असते. तिच्या जवळ इंग्रजीत ३२०० इम्प/केडब्ल्यूएच असं लिहिलेलं असतं, काही मीटरवर १६०० किंवा ६४०० असतं. त्याचा अर्थ ती लाइट ३२०० वेळा लुकलुकली की एक युनिट पडतं. यावरून त्या क्षणाला घरात किती वॉट चाललेत ते काढता येतं. ३२०० वाला मीटर असेल तर मोबाइलवर स्टॉपवॉच लावून दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा. दहा सेकंदांनी एकदा लुकलुकली तर साधारण ११२ वॉट. तीस सेकंद लागले तर ३७-३८ वॉट. गिझर चालू असेल तर एका सेकंदात जवळजवळ दोनदा. १६०० वाल्याला ११२५ च्या जागी २२५० घ्या, ६४०० वाल्याला ५६२. मीटरच्या सीलला, बॉक्सला, वायरला हात लावायचा नाही, फक्त बघायचं.

पहिली टेस्ट, वरच्या माणसाने घरातला मेन एमसीबी, म्हणजे सगळ्या घराची वीज बंद करणारा मुख्य स्विच, पूर्ण बंद करायचा. इन्व्हर्टर आहे त्या घरात पंखे चालूच राहतील, ते बॅटरीवर चालतात, त्याची काळजी नको. खालची लाल लाइट लुकलुकायची थांबली पाहिजे. डिस्प्ले चालूच राहील कारण त्याला वीज महावितरणच्या बाजूने मिळते, तो बघून गोंधळू नका. पाच मिनिटं थांबून पण लुकलुक थांबली नाही तर मीटर आणि तुमचा एमसीबी यांच्या मध्ये कुठेतरी दुसऱ्या कोणाचं कनेक्शन लागलंय, जिन्याचा लाइट, पार्किंगमधला पॉइंट, सोसायटीच्या कॅमेऱ्याचा अॅडॅप्टर, असं काही. हे कोणी मुद्दाम केलेलं असतंच असं नाही, एखाद्या वायरमनने घाईत जवळची वायर पकडलेली असते. लायसन्सवाला वायरमन बोलवून ती लाइन शोधून घ्या.

दुसरी टेस्ट, एमसीबी चालू करा पण घरातलं सगळं बटणाने बंद, फ्रिजचं पण, राउटर, सेट टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, आरओ, बेलचा अॅडॅप्टर सगळं. आता लाइट जवळपास थांबली पाहिजे. मग एकेक वस्तू चालू करत जा आणि खालचा माणूस सेकंद सांगत जाईल. कागदावर लिहा. हे करताना घरातली लहान मुलं फार खूष होतात, त्यांना खाली उभं करा, त्यांच्याइतकं मन लावून कोणी मोजत नाही, आणि एकदा मोजल्यावर गिझरचं बटण ते स्वतःहून बंद करायला लागतात.

हे करताना मीटरवर ईएल किंवा अर्थ असं लिहिलेली वेगळी लाइट पेटलेली आहे का ते पण बघा. आजकालचे सिंगल फेज मीटर फेज आणि न्यूट्रल, म्हणजे वीज आणणारी आणि परत नेणारी, अशा दोन्ही वायरीतला करंट बघतात आणि ज्यात जास्त आहे तो धरून युनिट टाकतात. ती लाइट पेटली म्हणजे दोन्हीत फरक पडतोय, एकतर कुठेतरी लीकेज आहे किंवा तुमचा न्यूट्रल दुसऱ्याच्या न्यूट्रलला मिसळलाय. इन्व्हर्टर बसवताना किंवा दोन फ्लॅट एक करताना हे बऱ्याचदा होतं. आमच्या इकडे एका घरात रोज दीड-दोन युनिट फुकट पडत होती, माणसं गावाला गेली तरी पडत होती, आणि न्यूट्रल वेगळे केल्यावर लगेच थांबली. लीकेज असेल तर तो पैशाच्या आधी जिवाचा प्रश्न आहे, गिझरच्या बॉडीला किंवा नळाला हलका झटका बसत असेल तर त्याच दिवशी वायरमन बोलवा आणि आरसीसीबी, म्हणजे लीकेज झालं की वीज तोडणारा स्विच, नसेल तर बसवून घ्या. यात टाळाटाळ नको.

आता सीझनच्या वस्तू. नाशिकमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ गिझरवर घालवतो. हिवाळ्यात पाणी १८ अंशांच्या आसपास धरा. एक १८ लिटरची बादली अंघोळीला लागेल एवढी, म्हणजे ४० अंश करायची तर साधारण ०.४६ युनिट लागतं, अर्ध्या युनिटच्या जरा खाली. शॉवर मिनिटाला ७ लिटरचा धरला आणि दहा मिनिटं चालला तर ७० लिटर पाणी, त्याला पावणेदोन युनिटच्या थोडं वर. एका माणसामागे रोज १.३ युनिटचा फरक आहे. घरात चार माणसं असतील तर महिन्याला १५० च्या वर युनिट, आणि तीही वरच्या महाग टप्प्यातली. थंडीत मुलं गरम शॉवरखाली उभी राहतात, बरं वाटतं, मला कळतं, पण बिलाचं सगळ्यात मोठं कारण नव्वद टक्के घरांत हेच निघतं आणि लोक मात्र मोबाइलचा चार्जर काढत बसतात. पूर्ण शॉवर बंद करा असं मी कोणाला सांगत नाही, निदान डिसेंबर-जानेवारीत बादली, आणि साबण लावताना नळ बंद.

गिझर किती वेळ लावायचा याचं पण गणित आहे. १५ लिटरचा २ किलोवॉटचा गिझर १८ अंशांचं पाणी ६० वर न्यायला साधारण २२ मिनिटं घेतो. म्हणजे अंघोळीआधी वीस-पंचवीस मिनिटं लावला की काम झालं, पहाटे पाचला लावून आठला बंद करायची गरज नाही. थर्मोस्टॅट आपोआप बंद करतो हे बरोबर, पण टाकी थंड होते, तो परत चालू होतो, परत थंड, असं चालू राहतं. आणि अंघोळी एकामागे एक उरकल्या तर दुसऱ्याला उरलेलं गरम पाणी मिळतं, एक सहाला एक साडेआठला असं केलं की दोनदा पूर्ण तापवायचं. आमच्या शेजारच्या काकूंनी फक्त एवढंच केलं, सगळ्यांच्या अंघोळी सव्वासहा ते सव्वासातच्या आत. "अहो, भांडणं झाली पहिले चार दिवस, आता सवय झाली," असं त्या म्हणतात. थर्मोस्टॅट ६० च्या खाली पन्नास-पंचावन्नवर आणला तर टाकीतून वाया जाणारी उष्णता पण कमी होते.

गिझर पूर्वीपेक्षा उशिरा तापतोय आणि आतून सू-सू किंवा खळखळ आवाज येतोय तर कॉइलवर क्षार बसलेत. नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं तिथे हा त्रास कमी, पण बोअरवेलचं पाणी टाकीत मिसळणाऱ्या सोसायट्यांत दोन वर्षांत कॉइलवर पांढरा जाड थर चढतो, मी हाताने खरवडून काढलाय, खडूसारखा तुटतो. थंडी सुरू व्हायच्या आधी, दिवाळीच्या साफसफाईत, एकदा गिझर उघडून साफ करून घ्यायचा, टाकी गंजू नये म्हणून आत असलेला अॅनोड रॉड झिजला असेल तर बदलायचा.

ज्यांच्या गच्चीवर सोलर वॉटर हीटर आहे त्यांनी पुढचं नीट वाचा. सोलरच्या टाकीत पावसाळ्यासाठी विजेची बॅकअप कॉइल असते. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन नाही म्हणून कोणीतरी गच्चीवरचं बटण चालू करतं आणि ते पुढे मे महिन्यापर्यंत चालूच राहतं, कारण गच्चीवर ते बटण कोणाच्या नजरेस पडत नाही. मग होतं काय, सकाळी गरम पाणी वापरलं की टाकीत थंड पाणी भरतं आणि ऊन चढायच्या आधीच कॉइल ते तापवून टाकते, सोलरला काम उरतच नाही. २०० लिटरची टाकी ३० अंशांनी तापवायला जवळपास ७ युनिट लागतात, रोज. वरच्या आलेखात जी पायरी सांगितली ती जुलैमध्ये चढलेली दिसली की मी सरळ गच्चीवर जातो. इंदिरानगरच्या एका रो हाउसमध्ये त्या बटणावर पक्ष्यांची घाण आणि धूळ एवढी बसली होती की ते चालू आहे का बंद हेच कळत नव्हतं, खालून मीटर बघूनच कळलं. त्या घरातल्या आजी म्हणाल्या, "आम्ही तर सोलर आहे म्हणून गिझर घेतलाच नाही." त्या बटणाचं कनेक्शन खाली घरात घ्या, लाल इंडिकेटरवालं बटण लावा, खर्च फार येत नाही. आणि सोलरच्या काचा पंधरा दिवसांनी पुसत जा, मार्च-एप्रिलमध्ये बांधकामाची धूळ खूप बसते.

उन्हाळ्याचं थोडक्यात सांगतो कारण ते लोकांना बऱ्यापैकी माहीत असतं. मार्च ते मे नाशिकची हवा कोरडी असते म्हणून कूलर चांगला चालतो, घरगुती कूलर दीडशे-दोनशे वॉट घेतो आणि दीड टनाचा एसी जोरात चालला की दीड किलोवॉटच्या आसपास. कूलरसमोरची खिडकी थोडी उघडी ठेवायची, नाहीतर खोलीत दमट होतं आणि मग लोक म्हणतात कूलर काम करत नाही. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलर बंद, तेव्हा पंखाच बरा. एसी असेल तर २४ ते २६ वर आणि सोबत पंखा. ऊर्जा दक्षता ब्यूरो म्हणजे बीईई सांगतं की एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, आणि १ जानेवारी २०२० पासून स्टारवाले एसी चालू करताना २४ वरच सेट येतात ते त्यासाठीच. फिल्टर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. आणि आपल्याकडे रात्री गार वारा सुटतो त्याचा फायदा घ्या, रात्री आठनंतर खिडक्या उघडा, सकाळी नऊच्या आत बंद करून पश्चिमेचे पडदे ओढा. गंगापूर रोडकडच्या मोठ्या काचांच्या फ्लॅटमध्ये दुपारच्या उन्हाने भिंती रात्री बारापर्यंत गरम राहतात, तिथे पडद्याने खूप फरक पडतो.

आता सपाट आणि उंच आलेख, म्हणजे चोवीस तास काहीतरी खातंय. यात पहिला इन्व्हर्टर. बॅटरी चार-पाच वर्षांची झाली की ती पूर्ण चार्ज होतच नाही आणि इन्व्हर्टर दिवसरात्र तिला चार्ज करत बसतो. बॅटरीला बाहेरून हात लावून बघा, वीज गेलेली नसताना पण कोमट लागत असेल, पाणी महिन्या-दोन महिन्यांत खाली जात असेल, तर समजून जा. मीटरवर इन्व्हर्टर बंद-चालू करून सेकंद मोजा. चार्ज झालेल्या चांगल्या बॅटरीवर फरक अगदी थोडा दिसतो, खराब बॅटरीवर शंभर-दीडशे वॉट सतत दिसतात. सतत १०० वॉट म्हणजे महिन्याला ७२ युनिट. आधीसारखं भारनियमन आता नाही म्हणून बॅटरीकडे कोणाचं लक्ष जात नाही, कोपऱ्यात पडलेली असते, वर पेपरचा गठ्ठा.

दुसरा फ्रिज. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा, सहज निघून आला तर रबर सैल झालंय. चारी बाजूंनी ओढून बघा, बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यात बहुतेक सैल असतं. सिंगल डोअर फ्रिजमध्ये बर्फ बोटभर जाड झाला की कॉम्प्रेसर जास्त चालतो, डीफ्रॉस्टचं बटण दाबायला सोपं आहे पण महिनोन् महिने दाबत नाहीत. मागे भिंतीपासून चार बोटं जागा. तापवलेलं दूध गार झाल्याशिवाय आत ठेवायचं नाही. थंडीत नॉब एक नंबरने कमी करा, मेमध्ये चारवर केलेला नॉब जानेवारीत पण चारवरच दिसतो. फ्रिजचे सेकंद मोजताना लक्षात ठेवा की कॉम्प्रेसर मध्येच बंद होतो, म्हणून तासभर फक्त फ्रिज चालू ठेवून रीडिंगचा फरक बघणं जास्त बरोबर.

तिसरा पाण्याचा पंप, हा स्वतःचं घर किंवा रो हाउस असेल त्यांच्यासाठी. पंप जास्त चालतोय म्हणजे पाणी कुठेतरी जातंय. फ्लशच्या टाकीत चिमूटभर हळद टाका, पंधरा-वीस मिनिटं फ्लश करू नका आणि मग संडासच्या भांड्यात बघा. खाली पिवळं पाणी आलं तर आतलं रबर गेलंय आणि दिवसरात्र बारीक धार वाहतेय, आवाज पण येत नाही. ते पाणी पंपाने वर चढवलेलं असतं. अर्ध्या एचपीचा पंप चालताना साधारण ५०० वॉट ओढतो, रोज एक तास जास्त चालला तर महिन्याला १५ युनिट, शिवाय पाणी गेलं ते वेगळंच. रबर वॉशर किरकोळ किमतीत मिळतो. टाकी भरून वाहायला लागल्यावर कोणीतरी ओरडतं आणि मग पंप बंद होतो, ही पद्धत असेल तर टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवा.

पंख्याबद्दल लोक विचारत नाहीत पण पंखा बारा-बारा तास चालतो. जुना पंखा पूर्ण स्पीडला ७५ वॉट, बारा तासांनी महिन्याला २७ युनिट. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा, ३० वॉटच्या आसपास, तेवढ्याच वेळात ११ युनिट. सगळे एकदम बदलू नका, हॉलचा आणि जिथे रात्रभर चालतो त्या खोलीचा बदला, पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या. पाती पुसायची सवय ठेवा, धुळीने जड झालेल्या पात्यांचा वारा लागत नाही म्हणून आपण स्पीड वाढवतो.

सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आत चालूच असतो, १० वॉटचा धरला तर महिन्याला ७ युनिट, टीव्हीच्या बोर्डावरून बंद करा. मोबाइल चार्जर नुसता प्लगला लावलेला असेल तर तो इतकं कमी खातो की या टेस्टमध्ये दिसणार पण नाही, त्यावरून घरात भांडू नका. आणि प्लगला लावायचं "वीज बचत यंत्र" म्हणून जे डबडं विकतात, प्रदर्शनात, ऑनलाइन, सगळीकडे, ते घेऊ नका. आत एक कपॅसिटर आणि एक लाइट असते. घरगुती बिल खर्च झालेल्या युनिटवर लागतं, कपॅसिटर लावून ती युनिट कमी होत नाहीत. माझ्या मावशीने घेतलं होतं, सिडकोत राहते ती, आम्ही ते लावून आणि काढून मीटरचे सेकंद मोजले, काही फरक नाही. म्हाताऱ्या माणसांचे पैसे असे जातात याचा मला खरंच राग येतो.

सापडलं की पुढे एकच सवय लावून घ्या, दर रविवारी मीटरचा फोटो. जिन्यातून उतरताना काढायचा, घरातल्या ग्रुपवर टाकायचा, वजाबाकी करून आठवड्याची युनिट लिहायची. बिल महिन्याने कळतं, फोटो आठवड्यात सांगतो, आणि नेहमी ४० पडणाऱ्या घरात एखाद्या आठवड्यात ६० पडली तर त्या आठवड्यात काय झालं ते अजून आठवत असतं. स्मार्ट मीटर लागला असेल तर रोजचा वापर अॅपवर दिसतो, त्यांना फोटोची पण गरज नाही. टीओडी मीटरवाल्या, म्हणजे दिवसातल्या वेळेनुसार दर लागणाऱ्या, घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापराला दरात सवलत आहे, म्हणून वॉशिंग मशीन, इस्त्री, पंप जमेल तेवढं दिवसा उरका, ज्यांच्या घरी दिवसा कोणी असतं त्यांना हे सहज जमतं. आणि पैशापलीकडे पण एक गोष्ट आहे, नाशिकरोडकडून एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात ना, तिथे एका युनिटमागे साधारण अर्धा-पाऊण किलो कोळसा जळतो. त्या चार माणसांच्या शॉवरच्या १५० युनिटचा हिशोब करून बघा, जवळपास क्विंटलभर कोळसा होतो, एका महिन्यात, एका घरातून.

सगळं करून बघितलं, घरात काही सापडलं नाही, मेन बंद केल्यावर लुकलुक पण थांबते, तरी युनिट जास्तच वाटतात, तेव्हा मीटरवर शंका घ्या, त्याआधी नको. एक सोपी तपासणी आधी घरी करा, बाकी सगळं बंद करून फक्त १००० वॉटची साधी कॉइलवाली एखादी वस्तू, पाणी तापवायचा रॉड चालेल, पण बादलीतल्या पाण्यात बुडवून, मुलांना लांब ठेवून आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात न लावता, वीस मिनिटं चालवा. ३२०० वाल्या मीटरवर साधारण १०६५ लुकलुकी व्हायला पाहिजेत, पाच-दहा टक्के इकडे तिकडे व्होल्टेजमुळे होतं, एवढं मोजायचं नसेल तर मिनिटाला ५३ च्या आसपास येतात का ते बघा. ८० वगैरे आल्या तर अर्ज करा. महावितरणच्या तुमच्या उपविभागाच्या ऑफिसात मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्यायचा, ठरलेली फी भरायची आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्का घेऊनच बाहेर पडायचं. फोनवर तक्रार नोंदवायची तर १९१२ किंवा १८००-२३३-३४३५, तक्रार नंबर लिहून ठेवा. ग्राहक क्रमांक १२ अंकी असतो तो जवळ ठेवा. तक्रार चालू आहे म्हणून बिल भरणं थांबवू नका, थकबाकी चढते आणि मग मूळ मुद्दा बाजूला पडतो, बिल भरा आणि हरकत घेऊन भरतोय असं लेखी कळवा. तिथे सुटलं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्याही वर विद्युत लोकपाल. तिथे जाताना रविवारचे ते फोटो तारखेने लावून न्या, तोंडी सांगण्यापेक्षा त्याकडे बघणारा माणूस लगेच मुद्द्यावर येतो.